गोठ्यातल्या बैलाची भीती

२ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात एक गोष्ट पाहिली. कुणाला सांगावी कळत नाही, म्हणून इथं लिहितो.

आमच्या कॉम्प्युटरवरच्या खेळातला बैल गोठ्यात उभा होता. खेळ चालू केलेला होता, पण खेळातली मुलगी अजून अंगणातसुद्धा आलेली नव्हती. ढोल नाहीत, गर्दी नाही, कुत्रं नाही. गव्हाण, दावं आणि बैल. खेळ चालू असताना त्यातल्या वस्तूंचे आकडे बघत बसणं हे माझं काम. पडद्याच्या उजव्या बाजूला एक पॅनल उघडता येतं. ज्या वस्तूवर बोट ठेवावं तिचं सगळं त्यात दिसतं: कुठं उभी आहे, वेग किती, तहान किती, थकवा किती. बैलाला यात एक आकडा जास्तीचा आहे, भीतीचा. शून्यापासून शंभरपर्यंत. शंभर झाले की तो दावं तोडून पळतो आणि खेळ संपतो. एका लहान मुलीनं घरचा बैल जत्रेच्या गर्दीतून, ढोल-ताशांतून न बुजवता वेमुलवाड्याला राजन्नाच्या देवळापर्यंत न्यायचा आणि नवसाचा म्हणून तिथं बांधायचा, एवढाच आमचा खेळ आहे.

गोठ्यात भीती शून्य हवी. मी बघत होतो आणि ती चार झाली. मग सात. मग अकरा. बैल आपला शेपटी हलवत उभा. मी आवाज बंद केला, वारा बंद केला, गोठ्यातली चिमणी काढून टाकली. आकडा चढतच राहिला. साठाच्या पुढं त्याचे कान मागं गेले. ऐंशीला त्यानं मान वळवून पडद्यातून थेट माझ्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं. आणि दावं तुटलं.

मी एवढा का घाबरलो ते लिहायला हवं. सिरिसिल्ल्यात माझे वडील, बापू, मागावर बसायचे. माझ्या आजच्या वयाचे असताना ते म्हणायला लागले, ताण्यात तुटलेले धागे दिसतात. आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून पाहिलं, धागे धड होते. त्यांना मात्र दिसायचे, आणि ते धड धाग्यांना गाठी मारत बसायचे. मग एक दिवस सुताच्या कांड्या आणायला म्हणून निघाले ते तिसऱ्या गल्लीतल्या परक्या दारात जाऊन उभे राहिले. हातात रिकामी टोपली. घरातल्या बाईनं विचारलं, काय हवंय. बापू म्हणाले, "माझ्या मागावर कोण बसलंय ते बघायला आलोय." त्यांच्या मागावर कुणीच बसलेलं नव्हतं. पुढं तर मलाच ते विचारायचे, तू कुणाचा.

मला आता पन्नासावं लागेल. जे नाही ते दिसायला लागणं, ही त्यांची सुरुवात होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मुज्तबाला बोललो. जनावरांच्या हालचाली तो बसवतो, माझ्या मागच्या रांगेत बसतो. म्हणालो, "तुझ्या मशीनवर जरा गोठा लाव."

त्यानं लावला. बैल रवंथ करत उभा. चहा येईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. बैल हलला नाही.

"काय राजेशम भाई, विकत घ्यायचाय का? दात बघून घ्या मग."

"बुजत नाही ना तो?"

"बुजायला गोठ्यात येतंय कोण? हरिणी मॅडम काही तिकडं फिरकत नाहीत."

हसलो. हरिणी म्हणजे आमची प्रमुख. जागेवर येऊन मी माझा गोठा लावला, पॅनल उघडलं. शून्य. बरं वाटलं. मग तीन. मग पाच. मुज्तबाला हाक मारायला तोंड उघडलं होतं, पण मारली नाही. तो इथं आला, याच पडद्याकडे पाहिलं आणि त्याला शून्यच दिसला तर? त्यानंतर मी काय करायचं?

पॅनल बंद केलं आणि दिवसभर विहिरीच्या रहाटाचे आकडे बघत बसलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी देवघरातली समई सापडेना. कापसाची वात हातात घेऊन मी घरभर फिरलो. शेवटी अनसूयाला ती तांदळाच्या डब्यात सापडली. हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "मीच ठेवली असेन. घासायला घेतली होती."

हल्ली तिला फार विसरायला होतं. जेवताना मध्येच विचारते, "काल रात्री काय केलं होतं हो मी?" मी सांगतो, ज्वारीची भाकरी आणि दोसकाया काकडीची डाळ. मग ती मान हलवते. थोड्या वेळानं, "आज वार कुठला?" परवाही हेच विचारलं होतं. मी शांतपणे उत्तर देतो. मनात मात्र धस्स होतं. आमच्या घरातलं हे दुखणं लग्नानं तिच्याकडे गेलं असेल का, असा वेडा विचारसुद्धा येऊन गेला. तिला काही बोललो नाही. उगाच घाबरेल.

स्कूटरचा ब्रेक नादुरुस्त आहे म्हणून तिनं यादगिरीची रिक्षा ठरवून टाकली आहे. मला ब्रेक बरा वाटत होता. यादगिरी पार ऑफिसच्या दारापर्यंत सोडतो आणि मी आत जाईपर्यंत रिक्षा हलवत नाही. आज त्याला म्हणालो, "अरे, दुसरी भाडी बुडतील तुझी." तो म्हणाला, "अक्कांनी सांगितलंय, आत गेल्याशिवाय निघायचं नाही." आमच्या बोराबंडा वस्तीत अशी माणसं आहेत अजून.

८ फेब्रुवारी, रविवार

शिवसहस्रनाम म्हणत होतो. लहानपणापासून पाठ आहे. आज एका श्लोकावरून पुढं गेलो आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच श्लोकावर आलो. पुन्हा गेलो, पुन्हा तिथंच. घाण्याच्या बैलासारखं झालं. स्वयंपाकघरातून अनसूयानं पुढची ओळ म्हटली तेव्हा सुटलो. तिलाही पाठ झालंय हे मला माहीत नव्हतं.

मन त्या गोठ्यात अडकलंय, दुसरं काही नाही. देवा, एवढं खरं कर.

९ फेब्रुवारी, सोमवार

महिनाअखेरीला बाहेरचे लोक खेळ बघायला येणार आहेत. त्यांना आवडला तर पुढचं काम चालेल, नाही तर आम्ही सगळे घरी. बैल गोठ्यातूनच पळाला तर ते काय बघणार? त्यामुळं लपवून ठेवणं पाप वाटलं. धीर करून हरिणीला सांगितलं. ती माझ्या मुलीच्या वयाची. कधी आवाज चढवत नाही, मला मानानं गारू म्हणते.

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. तिला नीट दिसावं म्हणून मी पॅनल मिटवलं, सगळा पडदा मोकळा केला आणि गोठा लावला. आम्ही बघत बसलो. बैल रवंथ करत होता. माशी बसली तिथली कातडी त्यानं थरथरवली. बाकी काही नाही.

"पळायला किती वेळ घेतो, गारू?"

"एवढ्यात पळायचा."

आणखी बसलो.

"मी आकडा वाढताना पाहिलाय," मी म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलाय."

"हो, हो. पाहिला असणार." ज्या आवाजात आम्ही बापूंना म्हणायचो, हो, आहेत धागे तुटलेले, तोच आवाज. "शिवरात्र आलीय ना? दोन दिवस घरी राहा. तुम्ही सणालासुद्धा सुट्टी घेत नाही."

ती गेली. मी पॅनल उघडलं. तीन. पाच. आठ.

तो मला घाबरतो. बाकी कुणाला नाही, मलाच. मी एकटा समोर असलो की त्याला काहीतरी दिसतं. जनावराला माणसाच्या आधी कळतं, आमच्याकडे सगळे मानतात. माझ्यात काय आलंय, जे त्याला दिसतंय आणि मला दिसत नाही?

११ फेब्रुवारी, बुधवार

बापूंची एक गोष्ट मी आजवर कुठंच लिहिलेली नाही. कुणाला सांगितलीही नाही. आज लिहून टाकतो, म्हणजे मन हलकं होईल.

बापू मागावर बसायचे. माझ्या आजच्या वयाचे असताना त्यांना ताण्यात तुटलेले धागे दिसायला लागले. आम्ही वाकून पाहिलं, धागे धड होते. मग एक दिवस कांड्या आणायला निघाले ते तिसऱ्या गल्लीतल्या परक्या दारात जाऊन उभे राहिले. हातात रिकामी टोपली. बाईनं विचारलं, काय हवंय. तर म्हणाले, "माझ्या मागावर कोण बसलंय ते बघायला आलोय."

लिहिल्यावर खरंच बरं वाटलं. अशा गोष्टी वेळीच लिहून ठेवायला हव्यात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अनसूया म्हणाली, शिवरात्रीला वेमुलवाड्याला जायचं, राजन्नाला बैल बांधायचा नवस केलाय.

"कसला नवस?"

"गुडघ्याचा."

"कुठला गुडघा?"

"दोन्ही."

"परवा तर गॅसची टाकी एकटीनं जिन्यावरून आणलीस."

"तेव्हापासूनच दुखतायत." मग म्हणाली, "तुमच्या हातानं बांधायचा बोललेय. मी नुसती सोबत."

माझं नावच त्या देवाचं, राजेशम. माझ्या जन्माआधी आईनं बैल बांधला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण बैल म्हटल्याबरोबर पडद्यावरचं तुटलेलं दावं दिसलं. खरा बैल माझ्याकडे बघून बुजला तर? हजार माणसांत?

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल दर्शन झालं. आज अंग दुखतंय, पण लिहितो.

गर्दी अशी की पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. देवळाच्या माणसानं बैलाचं दावं माझ्या हातात दिलं. पांढरा, तरुण, शिंगांना हळद. दावं ओलसर आणि गरम होतं. इथं पॅनल नाही. आकडा बघायला काही नाही, फक्त त्याचा डोळा. त्या डोळ्यात मी बघू शकलो नाही. खाली बघत चाललो. मनात नाव घेत होतो. मागून ढोल वाजत होते, बायका अंगात आल्यासारख्या हलत होत्या, आणि तो माझ्या शेजारून आपलं नाक माझ्या कोपराला घासत शांत चालत होता. प्रदक्षिणा पुरी झाली. मी त्याला बांधला. त्याच्या कपाळाला हात लावला तेव्हा त्यानं कान हलवले, एवढंच. मला हुंदका आला. हा मला घाबरला नाही.

त्यानंतर अनसूया हरवली.

मी वळून पाहिलं तर ती नाही. सगळीकडे शोधलं. धर्मगुंडम तळ्याच्या पायऱ्या, केस काढतात ती जागा, पुन्हा पायऱ्या. कुठल्या दारानं आत आलो होतो ते गर्दीमुळं समजेना. चारही बाजू एकसारख्या दिसत होत्या. शेवटी एका कुंकवाच्या दुकानापाशी थांबलो. दुकानातल्या बाईनं विचारलं, काय हवंय. मी काहीतरी बोललो. काय ते आता ध्यानात नाही, पण तिनं गिऱ्हाईक सोडून मला स्टूल दिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळानं अनसूया आली. बरोबर एक स्वयंसेवक होता. तिचे केस सुटलेले, आवाज बसलेला.

"कुठं होतात?"

"मी इथंच आहे. हरवलीस तू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं. "हो," म्हणाली, "मीच हरवले."

माझ्या उपरण्याचं टोक घेऊन तिनं आपल्या पदराला गाठ मारली, लग्नात मारतात तशी, आणि आम्ही तसेच बसस्टँडपर्यंत चालत आलो. पोरं हसत होती. एक जण म्हणाला, "आजोबा, दुसऱ्यांदा का?" अनसूया त्याला म्हणाली, "पहिल्यांदा गाठ सैल बसली होती." बसमध्ये मात्र ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. बिचारी फार घाबरली असणार. हरवणं वाईट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आधी हे लिहितो: आकडा खरा आहे. मी पाहिलं ते होतं.

सकाळी गेल्यावर हरिणी पुन्हा शेजारी येऊन बसली. मी पडदा मोकळा करायला लागलो तर म्हणाली, "पॅनल का मिटवताय?"

"तुम्हाला नीट दिसावं म्हणून."

"मी नसताना कसं बसता? तसंच बसा. मी नाहीच इथं असं समजा."

मी पॅनल उघडलं, भीतीचा आकडा समोर घेतला. शून्य. आता तिला शून्यच दिसत राहणार आणि मला मात्र चढताना दिसणार, अशी माझी खात्री होती. मी डोळे मिटून घेतले.

"चार," हरिणी म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत.

"नऊ. बारा. गारू, हे काय आहे?"

मला रडूच आलं. ती बिचारी गोंधळली, पाण्याची बाटली पुढं केली. मग तिनं पॅनल मिटवलं. आम्ही थांबलो. उघडलं तर आकडा मिटवताना होता तिथंच. उघडं ठेवलं तर पुन्हा चढायला लागला. मिटवलं की थांबतो, उघडलं की चढतो. मुज्तबाला त्याच्या मशीनवर पॅनल उघडायला सांगितलं. तो आकडे कधी बघत नाही, त्याला हालचालींशी काम. त्यानं उघडलं आणि थोड्याच वेळात ओरडला, "माझ्याकडेही बुजतोय की. राजेशम भाई, तुमच्या नजरेची साथ पसरली."

मग आत पाहिलं. भीती हा आकडा नुसता लिहून ठेवलेला नाही, विचारला की तो हिशेब करून उत्तर देतो. आणि त्या हिशेबात एक ओळ होती: कुणी विचारलं की थोडी भीती वाढव. खेळात बैलाची भीती कोण विचारणार? मुलगी त्याच्याकडे टक लावून बघेल तेव्हाच. टक लावून पाहिलं की बैल बुजतो, असं दाखवायचं होतं. पण पॅनलसुद्धा तोच प्रश्न विचारतं, आणि उघडं असेपर्यंत क्षणाक्षणाला विचारत राहतं. तो किती घाबरलाय हे मी विचारत होतो आणि माझ्या विचारण्यानंच तो घाबरत होता.

"कुणी घातली ही ओळ?" मी हसून विचारलं. फार दिवसांनी हसत होतो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हीच, गारू," हरिणी म्हणाली. "संक्रांत झाल्यावर. सकिनालू आणले होते तुम्ही, त्याच दिवशी. म्हणालात, नवा बैल घरी आणला की त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, बापू रागवायचे. आम्हाला इतकं आवडलं की तुम्ही तिथल्या तिथं लिहून दिलंत."

"सगळ्यांना उभं राहून करून दाखवलंत पण, भाई," मुज्तबा म्हणाला. "बैल कसा बघतो ते." या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

चकलीसारखे ते सकिनालू आठवतात. अनसूयानं तीळ जास्त घातले होते. डबा कुणाच्या टेबलावर ठेवला तेही आठवतं. बाकी काहीच नाही. त्या जागी कोरं आहे.

एवढ्या ओळी लिहितो आम्ही, कुणाला सगळ्या आठवतात? पण जेमतेम महिना झालाय. आणि उभं राहून करून दाखवलं म्हणे.

हा प्रश्न आज इथंच ठेवतो. राजन्ना, आजचा दिवस एवढ्यावरच राहू दे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अनसूयाला सगळं सांगितलं. आकडा, हरिणी, मुज्तबाचं बोलणं, सगळं. मी इतके दिवस कशानं खंगत होतो तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची करपली तरी हलली नाही.

"म्हणजे विचारल्यानं तो घाबरत होता?" ती म्हणाली.

"हो. सारखं विचारत राहिल्यानं."

"विचारणाऱ्याला वाटत होतं, आपण काळजीनं विचारतोय."

"काळजीच होती. पण त्याला काय कळणार?"

"मग आता काय केलंत?"

"विचारणं वेगळं केलं आणि बघणं वेगळं केलं. आता लांबून नुसतं बघता येतं, त्याला पत्ता लागत नाही. गोठ्यात शांत उभा असतो."

"त्याला न विचारता."

"न विचारता."

तिनं करपलेली भाकरी बाजूला काढली आणि स्वतःच्या ताटात घेतली. माझ्या ताटात दुसरी वाढली. मी वाट बघत होतो, ती आता विचारील, काल रात्री काय केलं होतं मी. तिनं विचारलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बैल ठीक आहे. आज मी दिवसभर पॅनल उघडं ठेवून बसलो, गोठ्यात आकडा शून्यावरून हलला नाही. जत्रेत ढोल वाजल्यावर हवा तेवढाच वाढतो, मुलीनं पाठीवर हात ठेवला की उतरतो. हरिणीनं बाहेरच्या लोकांपुढं दाखवायला मुज्तबाला नेमलंय. मी म्हणालो होतो मी दाखवतो, पण ती म्हणाली, तुम्ही शेजारी बसा. तेही बरंच आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली. टक लावून पाहिलं की बैल बुजतो, ती ओळ घातली कुणी? खेड्यातलंच कुणीतरी असणार, घरी बैल बाळगलेलं. शहरातल्या पोरांना हे सुचायचं नाही. हरिणीला विचारायला हवं.

अनसूयाचं विसरणं थांबलंय. दोन दिवस झाले, वार विचारत नाही, जेवणाचं विचारत नाही. राजन्नानं ऐकलं म्हणायचं, गुडघ्याऐवजी हे बरं केलं. एवढंच की, वाचता वाचता मी मान वर केली तर ती दारात उभी असते. मी पाहिलं की लगेच आत जाते.

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या तिच्या गुडघ्यासाठी मोठ्या इस्पितळात जायचंय. म्हणते, गेलोच आहोत तर तुमचीही तपासणी करून घेऊ, दोघांचं एकदम उरकेल. मी म्हणालो, मला काय झालंय? ती म्हणाली, काही नाही, मला एकटीला आत जायची भीती वाटते. मग हो म्हणालो. कुठला गुडघा ते आज नक्की विचारून ठेवायला हवं, डॉक्टर विचारील.

संध्याकाळी ती चिंचेचा पाला निवडत बसली होती. मला आठवलं, बैलाची गंमत तिला सांगायची राहूनच गेलीय. म्हणालो, "ऑफिसात एक मजा झाली, ऐक."

तिचे हात थांबले. "सांगा," म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे तोंड होतं.

मी पहिल्यापासून सांगितलं. गोठा, शून्य, मग चार, मग सात. हरिणीनं बसायला सांगितलं ते, मी डोळे मिटले ते. मग मुज्तबानं पॅनल उघडलं, म्हणालो, आणि त्याचाही बैल बुजायला लागला, तर तो काय म्हणाला माहितेय? एवढ्यात ती हसली. मुज्तबाचं नजरेच्या साथीचं वाक्य अजून माझ्या तोंडातच होतं.

मी थांबलो. अंगावर एकदम काटा आला. कशानं ते कळेना. खोलीत आम्ही दोघंच होतो, पंखा चालू होता, पाल्याचा आंबट वास येत होता. मग वाटलं, इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर माणसाला दुसऱ्याचं बोलणं आधीच समजत असेल.

"पुढं?" ती म्हणाली. अजून खिडकीकडेच बघत. "मग काय म्हणाला मुज्तबा?"

मी सांगत राहिलो.